ताळ्याचा माणूस

"काहीच उमटलं नाही," पडद्यावरची नजर न काढता डॉक्टर मॉद म्हणाली.

लाम्बेर काचेपलीकडे बघत होता. यंत्राच्या बोगद्यातून त्याच्या बायकोची, ओदेतची खाट बाहेर सरकत होती. अपघातानंतर तिचे डोळे उघडत, मिटत. पण ती कुणाकडे बघत नसे. आज तिच्या कानात मॉदचा आवाज सोडला होता: तुमच्या घरात फिरताय अशी कल्पना करा, एकेक खोली बघा. ती ऐकून मनातल्या मनात फिरली असती, तर मेंदूचा ठरावीक भाग पडद्यावर उजळला असता. ती आत जागी आहे, असं म्हणता आलं असतं.

"म्हणजे ती नाही?"

"इतक्यात तसं म्हणवत नाही. आधी ताळा घेऊ. घरच्या एका धडधाकट माणसाला आम्ही हेच करायला लावतो. तुम्ही झोपाल आत?"

"मी? माझ्या डोक्यात काय आहे ते सगळ्या लिएज शहराला ठाऊक आहे. बिअर."

यंत्र चालवणारा पोरगेला माणूस हसला. "मग फेस दिसेल, बाबा. पट्टा तेवढा काढा. चुंबक ओढून घेईल. विजार घसरली तर तुमची तुम्ही बघा."

लाम्बेर आत झोपला. खडखडाट सुरू झाला. मग कानात तोच आवाज. घरात फिरा.

तो बाहेर आला तेव्हा मॉदने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली होती. दोन्ही करडी. कुठे ठिपकासुद्धा नाही.

"झोप लागली का हो तुम्हाला?"

"त्या खडखडाटात?"

"मग खोल्यांतून फिरलात ना?"

लाम्बेर पट्टा अडकवत राहिला.

"दार उघडलं. स्वयंपाकघरात गेलो. खुर्चीवर बसलो."

"पुढे?"

"पुढे काय? ती इथे आल्यापासून मी तिथेच असतो. झोपतोसुद्धा तिथेच, बाकावर. वर कशाला जायचं?"

"अहो, नुसती कल्पना करायची होती."

"केली की. बसल्याची."

"या चित्रावरून बघितलं तर बाबाही इथे नाहीत," तो यंत्रवाला म्हणाला. कुणी हसलं नाही.

मॉदने चष्मा काढला. "मग मला काहीच सांगता येत नाही. त्या आहेत असंही नाही, नाहीत असंही नाही."

लाम्बेर पलीकडच्या खोलीत गेला. ओदेतचे डोळे छताकडे होते. त्याने तिच्या मानेखालची उशी सारखी केली आणि कानाशी वाकला.

"काय गं, तू कुठल्या खोलीत बसलीस?"