बिनकामाचे सभासद

वर्षभरात कोडची एकही ओळ न लिहिणाऱ्यांना कौस्तुभने यादीतून काढलं. मुक्त मराठी कीबोर्डच्या प्रकल्पात हा नियम त्यानेच आणला होता. त्यात इनामदार बाईही गेल्या. प्रकल्पाच्या पत्त्यावर त्यांच्या नावाने येणारे मेल त्याने, त्यांना न कळवताच, स्वतःकडे वळवले.

तीन दिवसांत एक्केचाळीस मेल आले. "बाई, तुम्ही सांगितल्यावर जोडाक्षरं जमली. आता रफार कसा काढू?" कुणी शिक्षक विचारत होते, कुणी तलाठी. त्याला एकालाही धड उत्तर देता येईना.

शेवटी त्याने बाईंना फोन लावला.

"बरं झालं केलास," बाई खुशीत होत्या. "तीन दिवस एकही मेल नाही रे! सगळ्यांना जमायला लागलं वाटतं."

फोनवर कुणाला दिसत नसूनही त्याची मान खाली गेली.