दुसरा गोल

"सकाळी मिस्सेला का नव्हतास?" बावतीस सरांनी सगळ्या टीमसमोर मेल्विनला विचारलं. वसईच्या त्या चर्चच्या फुटबॉल टीमचा नियमच होता, रविवारची मिस्सा चुकली की मॅच बंद! मेल्विन मान खाली घालून उभा. सबबी सांगतो तो खेळाडू कसला, हेसुद्धा सरांनीच शिकवलेलं ना! मग सरांनी त्याला बाकावर बसवला. तेही कधी, तर मुंबईच्या क्लबचा माणूस पोरं निवडायला आला त्याच दिवशी!

मॅच संपली, क्लबवाला दुसरीच दोघं निवडून निघून गेला, आणि मग फादर सरांना म्हणाले, "अरे, रात्रीपासून त्याच्या बापाचं जास्त झालंय. इनास काही आठवडा काढत नाही. त्यानेच हट्टाने पोराला मॅचला धाडलं."

सरांनी तिथूनच क्लबवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "निवड झाली, सर. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी मेल्विन वयात बसणार नव्हता.

सर तडक त्याच्या घरी गेले. खाटेवर इनासची नुसती हाडं उरलेली. मेल्विन त्याला चमच्याने पेज भरवत होता.

"सर आले काय? घेतला काय रे तुला?"

मेल्विनने सरांकडे बघितलंच नाही. "घेतला, पपा. दोन गोल मारले मी."

"सर, खरं?"

जन्मात कधी खोटं न बोललेले बावतीस सर दारातच उभे होते.

"खरं," ते म्हणाले, "दुसरा तर काय लांबून मारला, इनास!"