शेवटचं रीळ

चोपड्याच्या टॉकीजला दर श्रावणात व्हायकिंग दर्यावर्द्यांचा तो जुना इंग्रजी सिनेमा लागला, की मंजुळाबाई निर्जळी उपास धरून मॅटिनीला हजर.

डोअरकीपर रुपचंद हसायचा, "आक्का, इंग्रजी पिक्चर शे. तुले काय समजस?"

"शेवट समजस, भाऊ."

शेवटी मेलेल्या सरदाराला नावेत निजवून पाण्यात सोडत आणि काठावरून पेटते बाण मारून नाव जाळत. मंजुळाबाई तेव्हा हात जोडून उभी राही.

यंदा नाव पाण्यात सोडली आणि रीळच तुटलं. दिवे लागले.

"चाल आक्का, संपना पिक्चर."

मंजुळाबाई उठेना. "त्याले आसाच वाही जाऊ देशी का, भाऊ?"

बारा वर्षांपूर्वी तापीच्या पुरात गेलेला तिचा मुलगा अभिमन कधी सापडलाच नव्हता.