मारुतीच्या देवळातली शाळा

प्रार्थना ऐन रंगात आली आणि नथू गुरवाने घंटा बडवायला सुरुवात केली. हात दुखेपर्यंत बडवली. सभामंडपातली पोरं दचकली. कमळाकर मास्तरांनी डोळे मिटलेलेच ठेवले आणि पुढची ओळ आणखी मोठ्याने म्हटली. पोरांनी मास्तरांच्याही वरचा आवाज लावला. शेवटी थकली ती घंटाच.

नथूचा नुसता जळफळाट झाला. देऊळ त्याच्या बापजाद्यांपासूनचं, पूजा त्याची, मारुतीला शेंदूर लावणारा हात त्याचा. लोकल बोर्डाला मुरबाड-म्हसा वाटेवरच्या या गावात शाळेला जागा मिळेना, तेव्हा मोठ्या मनाने त्यानेच मंडप दिला होता. आणि आता काय? त्याच्या आरतीला काळं कुत्रं फिरकत नसे. मास्तरच्या प्रार्थनेला मात्र पाण्याला निघालेल्या बाया हंडे कडेवर घेऊन थांबत. बरं, त्या प्रार्थनेत मारुतीचं नावसुद्धा नव्हतं! नुसतं ‘हे दयाळा, हे कृपाळा’. कडी म्हणजे त्याची बायको बाईजा भाकऱ्या थापताना तेच गुणगुणू लागली. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याची आरती काही तिच्या ओठांवर आली नव्हती.

“चुलीपुढं त्या मास्तरचं गानं नको,” नथू डाफरला.

“मास्तरचं कुठं? देवाचं हाय,” बाईजा म्हणाली आणि भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी तो तडक मुरबाडला गेला. शाळा तपासणारे दिपोटी साहेब तिथे मुक्कामाला आले होते. त्यांच्यापुढे तो हात जोडून उभा राहिला. “सायब, शाळा सरकारची. तितं देवाची प्रार्थना कशी चालते?” देवाचा पुजारी देवाच्याच प्रार्थनेविरुद्ध गाऱ्हाणं घालतोय, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. दिपोटींच्या आलं असावं. ते मिशीतल्या मिशीत हसले आणि येतो म्हणाले.

आले. प्रार्थना शेवटपर्यंत ऐकली. “यात कुठल्या एका देवाचं नाव नाही,” ते म्हणाले. “कोणत्याही मुलाने म्हणावी. चालू द्या.”

नथूचा चेहरा पडला. तेवढ्यात साहेबांची नजर पायऱ्यांखाली गेली. तिथे उन्हात महारवाड्यातली तीन पोरं पाट्या मांडीवर घेऊन बसली होती. पुढे होती ती भिमी. प्रार्थना तिनेही म्हटली होती, पण खालून.

“ही वर का नाहीत?”

“गुरव चढू देत नाहीत,” मास्तर म्हणाले. मग खाली बघून म्हणाले, “आणि मीही कधी भांडलो नाही.”

“मग बोर्डाची शाळा इथे भरणार नाही. या पोरांना वर घ्या, नाहीतर शाळा उचला.”

सगळे नथूकडे बघू लागले. तो ‘घ्या’ म्हणाला असता तर शाळा राहिली असती, दारात थांबणाऱ्या बायाही राहिल्या असत्या. पण मास्तरही राहिला असता ना! नथूला दुसरं काही दिसेचना.

“उचला,” तो म्हणाला.

शाळा गावाच्या कडेच्या जांभळीखाली गेली. दुसऱ्या दिवशी नथूने मंडप धुतला, मन लावून आरती केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू आला. तो काही बरा नव्हता. आरतीचं ताट घेऊन तो पायरीवर आला, तर आरती घ्यायला कोणीच नाही. बाया हंडे घेऊन जांभळीकडे वळत होत्या. त्यांच्यात बाईजा होती.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताट तिथेच ठेवून तो धावला. चारचौघांदेखत हाताला धरून तिला ओढून आणायची, एवढंच डोक्यात होतं. पण तो पोचेपर्यंत प्रार्थना सुरू झाली होती. पोरं दाटीवाटीने बसलेली, बाया मागे उभ्या, सगळ्यांचे हात जोडलेले, डोळे मिटलेले. बाईजाचेही. तिचा आवाज त्याला गर्दीतून वेगळा ओळखू आला. असा मोकळा आवाज त्याने घरात कधी ऐकला नव्हता. सावली संपत होती तिथे तो उन्हात उभा राहिला. जळत होता, पण आता नेमका कोणावर, ते त्याचं त्यालाच कळेना.

डोळे उघडे होते ते एकट्या भिमीचे. तिने त्याला पाहिलं. अंग चोरून तिने गोणपाटावर शेजारी जागा केली.

“गुरवबाबा, बाहेर का उभे? आत या ना,” ती हळूच म्हणाली. “हितं कोन नाय म्हनत नाय.”