कोरी फ्लॉपी

१९८९ साली पांढुर्ण्याच्या एका दवाखान्यात क्षयरोग्यांच्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवण्याचं काम प्रभाकरकडे होतं. रोज त्यांची नक्कल आपोआप फ्लॉपीवर उतरावी, अशी सोय त्यानं केली होती. पण ती कधी उघडून पाहिली नव्हती. विजेच्या झटक्यानं मशीन जळालं आणि फ्लॉपी कोरी निघाली. मग तो सायकलनं गावोगाव फिरून, किती औषध झालं, ते प्रत्येक रोग्याला विचारू लागला. ज्यांना सांगता आलं नाही, त्या अकरा जणांचं औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. आठव्या दिवशी तिगावात म्हाताऱ्या मनकर्णाबाईंच्या ओसरीवर तो मटकन बसला. “माय, औषधाला किती महिने झाले?” त्यांनी गाठोडं सोडलं. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. “कोनी विचारन मनून ठेवली.” त्यानं मोजली. सात महिने पूर्ण होते. “नवातले आता दोनच राहिले, माय.” “मंग तू काहून रडून राहिला?”