मेंढवाड्यातली वही

मोंटानातल्या आमच्या वस्तीपासून शाळा साठ मैलांवर, म्हणून माझी नात, मारित, घरी माझ्याकडेच शिकली. कॉलेजच्या अर्जासाठी तिचं गुणपत्रकही मलाच करायचं होतं. जीवशास्त्रापाशी पेन थांबलं. रक्त पाहून मला भोवळ येते, म्हणून प्रयोग मी शिकवलेच नव्हते. आणि तिला व्हायचं होतं जनावरांची डॉक्टर. "माझ्यामुळे तुझा प्रवेश हुकणार," मी म्हणालो. "मुख्याध्यापक तुम्ही, शिपाईही तुम्हीच. रडता काय, आजोबा?" म्हणत तिने मेंढवाड्यातून एक मळकी वही आणली. आठ वर्षं, दर वसंतात, मेलेलीच जन्मलेली कोकरं तिने उघडून पाहिली, रेखाटली होती. एका इवल्या हृदयाच्या पडद्यात छिद्र होतं. "पहिला श्वास घेतला की हे बुजतं," ती म्हणाली. मी श्वास घ्यायलाच विसरलो. मग जीवशास्त्रापुढे, शिक्षकाच्या रकान्यात मी तिचं नाव लिहिलं. "आजोबा, असं चालत नाही!" "मुख्याध्यापक मी आहे."