तीन दिवसांचा चीक

वाटीच्या बुडाला जेमतेम आलेलं पिवळं, चिकट दूध कस्तुराबाईनं मोरीत ओतलं आणि वर तांब्याभर पाणी मारलं. सून तेजश्री भिंतीला टेकून नुसती बघत राहिली. काल पहाटे पोरगी झाल्यापासून सासू तिचं दूध असंच पिळून फेकून देत होती. पहिल्या तीन दिवसांचा चीक लेकराला बाधतो, हे कस्तुराबाईला तिच्या सासूनं सांगितलेलं. त्या सासूला तिच्या सासूनं. मधे कुणी विचारलंच नाही, तर थांबणार कसं?

तेजश्रीला आई नव्हती, नाही तर पहिलं बाळंतपण माहेरी झालं असतं. त्यात पोरगी पंधरा दिवस आधीच आली. दवाखान्याची गाडी वस्तीवर पोचेपर्यंत नाळ कापून झाली होती. ‘मोकळी झाली की, आता कशाला नेताय?’ म्हणत कस्तुराबाईनं गाडी आल्या वाटेनं परत पाठवली. नवरा सतीश कारखान्यावर पाळीला होता. तो आला, लेक बघितली, हरखला आणि पेढे आणायला पाटसला गेला. बापाला तेवढंच काम.

गावची आशाताई अनिता दोन दिवस दौंडला ट्रेनिंगला होती. तिला आज दुपारी कळलं, तशी ती धावतच आली. तिनं पोरीच्या तळपायाला टिचकी मारली. पोरगी रडली नाही. पुन्हा मारली. कपाळाला आठी पडली आणि विरून गेली. ओठ पार सुकलेले.

“लंगोट कवा ओला केला?”

“काल सांजच्याला,” तेजश्री म्हणाली. “तवापासनं न्हाई.”

“दिलं काय काय तिला?”

“मध चाटवला. गुळाचं पाणी. सकाळी शेळीचं दूध, कापसाच्या बोळ्यानं.”

अनिताला असा संताप आला, की वाटीच उचलून आपटावी. पण आशाताईला असले लाड परवडत नाहीत. तिनं राग गिळला आणि गाडीला फोन लावला. तासभर लागेल म्हणाले. या पोरीजवळ तासभर आहे, असं तिला वाटेना.

“काकू, तेजश्रीला पाजू द्या. आत्ता.”

“परवा पाजंल की. तीन दिस सरल्यावर.”

अनिता दारात आली. कस्तुराबाईचे मालक हौसराव ओट्यावर बसून गोठ्यातल्या नव्या वासराकडं बघत होते.

“आबा, परवा गाय व्याली तवा वासराला चीक कवा पाजला?”

“लगीच. तासाच्या आत पाजाय लागतोय, न्हाई तर वासरू हाती लागत न्हाई,” आबा म्हणाले. आणि मग त्यांचं त्यांनाच काहीतरी उमगलं, ते मान खाली घालून तळहात चोळत बसले.

“जनावराचं येगळं, माणसाचं येगळं,” आतून कस्तुराबाई म्हणाली. “मी काय लेकरं वाढवली न्हाईत? माझा सतीश बघ की. बैलावानी हाय.”

“सतीशला कवा पाजलं?”

“त्येचं काय इचारतीस. त्यो दौंडला दवाखान्यात झाला. तिथली नर्स लई आगाव. पुसलं आन् सरळ माझ्या छातीला लावलं. लई शिव्या घातल्या मी तिला.”

“आन् बाकीची लेकरं?” अनितानं विचारलं. ती या गावात सून म्हणून आली दहा वर्षांमागं. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

“आदी तिघी झाल्या. घरीच.” कस्तुराबाई बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवू लागली. “थोरली चवथ्या दिशी गेली. मधली सहाव्या. धाकटी...” अंगठा थांबला. ती स्वतःच्या बोटांकडं बघत राहिली. मग मोरीकडं बघितलं.



“अनिते,” ती म्हणाली. “खरं सांग. चीक फेकला, माझ्या तिघी त्यानंच गेल्या व्हय?”

तीस-पस्तीस वर्षांमागची गोष्ट. ताप असेल, नाळ पिकली असेल, थंडी लागली असेल. कुठल्याही डॉक्टरला आज ते सांगता आलं नसतं. ‘कुणाला ठावं, काकू’ हेच खरं उत्तर होतं आणि ते अनिताच्या ओठांवर आलंही होतं. पण ते ऐकलं की ही बाई हुश्श करणार आणि परत वाटी हातात घेणार, हेही तिला स्वच्छ दिसत होतं. तेजश्रीच्या मांडीवरची पोरगी आता आठीसुद्धा घालत नव्हती.

“व्हय,” अनिता म्हणाली. “त्यानंच गेल्या.”

कस्तुराबाई उठली, पोरीला उचललं आणि सुनेच्या छातीशी धरलं. तेजश्रीनं दोन थेंब पोरीच्या ओठांवर पिळले. ते तसेच राहिले. अनितानं पाठ चोळली, कान चोळला. आणखी दोन थेंब. जीभ हलली. तिसऱ्या खेपेला पोरीनं तोंड उघडलं आणि धरलं. तेजश्री रडायला लागली.

पोरगी ओढत होती, सावकाश, थांबून थांबून. गाडीचा फोन आला, चौफुल्यापर्यंत आलोय म्हणून. अनिताला आता कुठं धीर आला. झाल्या गोष्टीची तिला लाजही वाटली. आता खरं सांगायला हरकत नव्हती.

“काकू, मघाशी मी जे बोलले ना...”

कस्तुराबाईनं हात वर करून तिला थांबवलं. ती सरकत सरकत उंबऱ्याच्या बाहेर जाऊन बसली होती, सुनेकडं पाठ करून.

“तेजे,” ती म्हणाली, “पोरीला माझ्या हातात देऊ नगंस. कवाच.”